दुचाकीवरचा कॅमेरा : आरसा की साक्षीदार?

आपल्या महाविद्यालयात सध्या विद्यार्थ्यांचे तीन वर्ग पडले आहेत. पहिला, ज्यांच्या दुचाकीवर कॅमेरा बसवलेला आहे त्यांचा. दुसरा, ज्यांना तो लवकरात लवकर बसवायचा आहे त्यांचा. आणि तिसरा, एस.टी.चा पास खिशात ठेवून पहिल्या दोघांच्या गप्पा ऐकणाऱ्यांचा. सोमवारी सकाळी पहिल्या तासापूर्वी वाहनतळावर उभे राहावे, म्हणजे या तिन्ही वर्गांचे एकत्र दर्शन घडते. मोबाइलभोवती आठ-दहा डोकी जमलेली असतात. पडद्यावर आंबा घाटातले धुके असते, नाही तर गोव्याकडच्या लाल मातीचा रस्ता असतो. एखाद्या भाग्यवंताचा भाऊ लडाखला जाऊन आलेला असला, तर त्या दिवशीचा पहिला तास रिकाम्या बाकांना उद्देशूनच होतो.

या मंडळींना मी वर्षभर एकच प्रश्न विचारत आलो आहे : "आपल्याकडचे काही का टिपत नाही?" उत्तरही वर्षभर एकच मिळत आले आहे : "कुपवाडात आहे काय टिपण्यासारखे?"

वरवर पाहता हा प्रश्न रास्त वाटतो. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन नावे एकत्र गुंफून १९९८ साली आपली महानगरपालिका झाली. त्या माळेत आपले नाव तिसरे, आणि कौतुकाच्या पंगतीतही आपले पान तिसरेच. सांगलीला गणपतीचे देऊळ आहे, कृष्णेचा घाट आहे, नाट्यपंढरी ही पदवी आहे. मिरजेला तंतुवाद्ये आहेत, दर्गा आहे, मोठे रेल्वे जंक्शन आहे. कुपवाडला औद्योगिक वसाहतीचे भोंगे, ओतीव लोखंडाचा वास आणि पाळी सुटल्यावर रस्ताभर पांगणाऱ्या दुचाक्या. निसर्गसौंदर्य म्हणून दाखवावे असे यात काही नाही, हे प्रथमदर्शनी मान्य करायला हरकत नाही. तरीसुद्धा 'आहे काय' हा प्रश्न मला बोचतो. ज्या मुलखात आपण जन्मलो तो पाहण्यासारखा नाही, असे विसाव्या वर्षीच ठरवून मोकळे होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

माझे मत प्रारंभीच स्पष्ट मांडतो. दुचाकीवर कॅमेरा बसवून प्रवासाचे चित्रण करणे हा मला पोरकटपणा वाटत नाही. ते आपल्या पिढीच्या हाती आलेले एक मोठे साधन आहे. परंतु आज आपण त्याचा उपयोग आरशासारखा करतो आहोत, आणि त्याचा खरा धर्म साक्षीदाराचा आहे. या एका मुद्द्यासाठीच हा लेखप्रपंच.

काही ज्येष्ठ प्राध्यापकांना हे वेड कालपरवाचे वाटते. तसे ते नाही. चालत्या वाहनावर कॅमेरा ठेवण्याची कल्पना जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा छायाचित्रकार अलेक्झांडर प्रोमियो याने १८९६ साली व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवून काठावरच्या इमारतींचे चित्रण केले. स्थिर कॅमेरा जर हलणाऱ्या वस्तू दाखवू शकतो, तर हलता कॅमेरा स्थिर वस्तूंना चालवून दाखवील, असा त्याचा साधा तर्क होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत आगगाडीच्या पुढच्या अंगाला कॅमेरा बसवून बोगद्यातून जाण्याचा देखावा टिपला गेला, आणि असल्या चित्रफिती पाहायला लोकांच्या झुंडी लोटू लागल्या. इंजिन दिसत नाही, चालक दिसत नाही, आपणच जणू अदृश्य होऊन रुळांवरून तरंगत निघालो आहोत, असा तो अनुभव होता. आजच्या आपल्या चित्रफितींचे हे थेट पूर्वज होत. निक वुडमन या अमेरिकन तरुणाने २००२ साली कंपनी काढून पुढे 'गोप्रो' नावाचा चिमुकला कॅमेरा बाजारात आणला. तो समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी होता. लाटांवरून तो दुचाकीवर आला आणि दुचाकीवरून आपल्या वाहनतळावर.

आणि यंत्रावर यंत्र चढवण्याची कला आपल्या भागाला परकी आहे असेही कोणी समजू नये. पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून कपाळाला हात लावला नाही. चुलतबंधू आनंदरावांबरोबर त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, तरी बाबूरावांनी काम तडीस नेले, आणि त्या देशी कॅमेऱ्यातून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. माझ्या एका वर्गमित्राने कुपवाडच्या एका वर्कशॉपात ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर चढवून कॅमेऱ्यासाठी क्लॅम्प करून घेतला, तेव्हा मला बाबूरावांची आठवण झाली. बाजारात जो क्लॅम्प हजार रुपयांच्या खाली मिळत नाही तो त्याला चहाच्या खर्चात पडला, आणि वर मिस्त्रीने कंप शोषायला रबराची चकती कुठे घालायची तेही शिकवले. 'कुपवाडात आहे काय' या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच की, कुपवाडात लेथ आहे आणि तो चालवणारा हात आहे.

आता आरशाविषयी. आपल्या बहुतेक चित्रफितींत काय असते? हँडल, मीटरचा काटा, हातमोजे, टाकीवर पडलेले आभाळाचे प्रतिबिंब आणि वरून घातलेले कर्कश संगीत. रस्ता असतो, पण तो 'मी गेलो' एवढे सिद्ध करण्यापुरता. गाव कोणते, शेतात काय उभे होते, माणसे काय करीत होती, यातले काही म्हणजे काही कळत नाही. आंबा घाट आणि लडाख यांतला फरक फक्त धुळीच्या रंगावरून ओळखावा लागतो. ज्या निसर्गासाठी दोनशे किलोमीटर पेट्रोल जाळले तो निसर्ग चित्रात केवळ पाठीमागच्या पडद्याच्या कामाला येतो. नाटकात पडदा रंगवलेला असतो आणि नट खरा असतो. येथे पडदा खरा आणि नटच रंगवलेला!

या आरशाला एक मोठा दोषही आहे : तो वेग वाढवून दाखवतो. हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. या छोट्या कॅमेऱ्यांचे भिंग अतिशय रुंद नजरेचे असते. आपल्या दोन्ही बाजूंचा बराचसा मुलूख ते एका चौकटीत कोंबते. त्यामुळे दूरचे सारे लहान आणि अधिक दूर वाटते, जवळचे मात्र चौकटीच्या कडांवरून सरसर मागे पळते. त्यातून कॅमेरा चाकाजवळ खाली बसवला, म्हणजे डांबराचा प्रत्येक खडा भिंगावर धावून येतो आणि ताशी चाळीसचा वेग पडद्यावर ऐंशीचा भासतो. दंडोबाचा डोंगर याच भिंगातून वारुळाएवढा दिसतो, तेही याच कारणाने. म्हणजे गंमत अशी की, ज्यासाठी गेलो तो डोंगर लहान झाला आणि ज्याची गरज नव्हती तो वेग मोठा झाला!

चित्रपटाच्या इतिहासातले या बाबतीतले एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या मंडळींनी अवश्य पाहावे. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद ललूश याने १९७६ साली मोटारीच्या पुढच्या अंगाला कॅमेरा बसवून भल्या पहाटे पॅरिसच्या रस्त्यांवरून तांबडे दिवे तोडत एक भरधाव फेरी टिपली. सुमारे आठ मिनिटांचे ते चित्रण अंगावर काटा आणते. पण त्यात जो इंजिनाचा आवाज ऐकू येतो तो त्या गाडीचा नव्हेच. गाडी मर्सिडीज होती आणि आवाज नंतर फेरारीचा चढवला गेला. अर्धा थरार कानाने निर्माण केलेला, आणि तो कानही उसना! कलेत असे करू नये असे मी म्हणणार नाही. परंतु ते पाहून आपली खरी गाडी खऱ्या रस्त्यावर तशी हाणणाऱ्याने एवढे तरी जाणावे, की तो ज्याची नक्कल करतो आहे ती मुळात नक्कल होती. आणि त्या पहाटे रस्त्यावर जे पादचारी होते त्यांना विचारून कोणी दिवे तोडले नव्हते, हेही विसरू नये.

या नकलेची किंमत काय पडते? २०२३ सालच्या मे महिन्यात यमुना द्रुतगती मार्गावर एका तरुण मोटारसायकलस्वाराचा मृत्यू झाला. लाखो प्रेक्षक त्याच्या चित्रफिती पाहत असत. ताशी तीनशेचा काटा गाठण्याची त्याची धडपड होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत दुचाकीवरची माणसे शेकडा ४४ हून अधिक होती. म्हणजे पंचाहत्तर हजारांच्या घरात! हे सगळे काही कॅमेऱ्यामुळे मेले नाहीत, हे मलाही कळते. पण दुचाकीवर बसणे हेच मुळात आपल्या देशात जोखमीचे असताना, कॅमेऱ्याच्या समाधानासाठी त्यात भर घालणे कोणत्या शहाणपणात बसते? साधे गणित करा. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा मीटरहून अधिक धावते. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागला की नाही हे पाहायला दोन सेकंद मान खाली घातली, तर आपण तेहतीस मीटर आंधळे गेलो. मिरजेच्या रस्त्यावर तेहतीस मीटरांत उसाची ट्रॉली, शेळ्यांचा कळप आणि दुधाच्या कॅनी लादलेली एक दुचाकी एवढे सहज मावते.

आता साक्षीदाराकडे वळू.

कुपवाडहून निघावे, मिरजेला वळसा घालून पंढरपूरच्या रस्त्याला लागावे. जेमतेम पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात मुलूख डोळ्यांदेखत पालटतो. नदीकाठची काळी जमीन आणि ऊस मागे पडतो, माळ उघडा होतो, द्राक्षबागांचे मांडव दिसू लागतात, आणि मग डाव्या-उजव्या हातांच्या उघड्या टेकड्यांमध्ये झाडीने झाकलेला दंडोबाचा डोंगर समोर येतो. त्याच्या पोटात खडक कोरून केलेले महादेवाचे देऊळ आहे. पाण्याच्या मुलखातून दुष्काळी मुलखात आपण अर्ध्यापाऊण तासात जातो. हा बदल पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' या दोन शब्दांत आटोपतो. दुचाकीवर तो कातडीला कळतो, कारण वारा कोरडा होतो. दुसरी वाट सांगलीहून हरिपूरची. दुतर्फा जुन्या चिंचा, त्यांची कमान, हळद साठवण्याच्या जमिनीतल्या पेवांसाठी नावाजलेले गाव, आणि शेवटी संगमेश्वरापाशी कृष्णा-वारणेचा संगम. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ साली याच हरिपुरात झाला. तिसरी वाट उत्तरेकडे, सागरेश्वराच्या डोंगराकडे. उजाड टेकड्यांवर माणसांनी लावून वाढवलेले हे जंगल १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याच्या पायथ्याच्या देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाण जन्मले. निसर्ग, इतिहास आणि वाङ्मय एकाच लिटर पेट्रोलात पाहायला मिळावे, असे भाग्य लडाखच्या वाटेवर तरी लाभते का?

परंतु या वाटा सुंदर आहेत म्हणून त्या टिपाव्यात, एवढाच माझा मुद्दा नाही. त्या बदलत आहेत, काही नाहीशा होत आहेत, म्हणून त्या टिपल्या पाहिजेत.

भोसे गावच्या वडाची कथा आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मिरज-पंढरपूर रस्त्याच्या कडेला, यल्लम्मा देवीच्या देवळापाशी तो उभा होता. चारशे वर्षांचा आहे असे लोक सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचे काम तेथे पोचले तेव्हा २०२० साली तो तोडला जाणार असे दिसले. पर्यावरणप्रेमी आणि गावकरी झाडाभोवती उभे राहिले, बातमी मुंबई-दिल्लीपर्यंत गेली, राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले, आणि महामार्गाची आखणी बदलून वड वाचवण्याचा निर्णय झाला. एका झाडासाठी महामार्ग वळला, ही आपल्याकडची केवढी अपूर्व गोष्ट! पुढे जून २०२२ मध्ये, पावसाच्या तोंडावर, तो वड उन्मळून पडला. माणसांच्या कुऱ्हाडीतून सुटला, पण टिकला नाही.

माझ्या एका मित्राजवळ २०२१ सालची, त्याच रस्त्याची चित्रफीत आहे. ती मी त्याच्याकडून मागून घेऊन तीनदा पाहिली. अठरा मिनिटांचा प्रवास आहे. हँडल झकास दिसते, काटा ऐंशीवर थरथरतो. आणि तो वड, ज्याच्यासाठी एवढे रान उठले, तो चार सेकंद दिसतो. चार सेकंद! तोही कडेला, भिंगाने वाकवलेला, हिरव्या फरकाट्यासारखा. मित्राला मी वड दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "अरे, हळू गेलो असतो तर?" यापेक्षा अधिक भाष्य मला करता येणार नाही.

याच्या उलट उदाहरण पाहा. १९०६ साली, एप्रिल महिन्यात, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात माइल्स बंधूंनी रस्त्यावरच्या केबल ट्रामच्या पुढे कॅमेरा ठेवून बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याचे चित्रण केले. वेग ट्रामचा, म्हणजे सायकलस्वारही शेजारून सहज पुढे जाईल असा. घोडागाड्या, टोपीवाले पुरुष, रूळ ओलांडणारी पोरे, वृत्तपत्रे विकणारे, सारे सावकाश समोर येते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, आगी लागल्या, आणि तो रस्ता जवळजवळ पुसला गेला. बंधूंचा स्टुडिओही जळाला; पण फीत आधीच न्यूयॉर्कला रवाना झाली होती म्हणून वाचली. आज जगभर लोक ती पाहतात ते कोण्या चालकाचे कौशल्य पाहायला नव्हे, तर एक गेलेला रस्ता पाहायला. आणखी एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. त्या फितीत काही मोटारी पुन्हा पुन्हा चक्कर मारून कॅमेऱ्यासमोर येतात. रस्ता अधिक गजबजलेला दिसावा म्हणून केलेली ही युक्ती असावी. शिवाय ती फीत नेमकी केव्हाची, याबद्दल पुढे गोंधळ झाला. शेवटी डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरची डबकी, त्या दिवसांतले हवामान आणि मोटारींचे क्रमांक यांवरून ती भूकंपापूर्वी काही दिवसांचीच आहे हे शोधून काढले. म्हणजे साक्षीदाराने तारीख सांगितली पाहिजे आणि पदरचे घालू नये, हे दोन नियम आपल्याला तेथूनच मिळतात.

आपल्या परिसरात असा किती ऐवज न टिपता गेला! मिरजेहून पंढरपूरकडे एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी धावत असे. आता ती वाट रुंदमापी झाली. त्या छोट्या गाडीतून हा दुष्काळी माळ कसा दिसे, हे आम्हांला वडीलधाऱ्यांच्या गप्पांतूनच कळते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांची वाताहत झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली, २०२१ साली पुन्हा पूर आला. प्रत्येक पुरानंतर काठावरच्या वाटा थोड्या थोड्या बदलल्या. त्या आधी कशा होत्या, हे सांगणारी एक सलग चित्रफीत कोणाजवळ आहे का?

येथे एक आक्षेप संभवतो. एखादे प्राध्यापक म्हणतील, साक्षच ठेवायची तर पायी चालावे. दुचाकी हे काय पाहण्याचे साधन झाले? आक्षेप वजनदार आहे. १८५७ च्या धामधुमीत वरसईच्या गोडसे भटजींनी केलेला प्रवास 'माझा प्रवास' या पुस्तकातून आपण वाचतो. त्यांनी मुलूख पाहिला तो मुख्यतः पायी, त्या वेळच्या वाटसरूच्या गतीने. वारकरीही पायीच पाहतो. पण म्हणूनच मी म्हणतो, ज्या पिढीचा प्रवास जसा, तशी तिची साक्ष. आपल्या भागात आज मुलूख पाहिला जातो तो दुचाकीवरून. दूधवाला, द्राक्षबागेतला मजूर, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, शाळेतली बाई, लेकीला बाळंतपणासाठी आणायला निघालेला बाप, सगळे त्याच उंचीवरून आणि त्याच चाळीसच्या वेगाने हा रस्ता रोज पाहतात. शंभर वर्षांनी कोणी विचारले, की एकविसाव्या शतकात कुपवाडच्या माणसाला आपला मुलूख कसा दिसत होता, तर त्याचे प्रामाणिक उत्तर दुचाकीवरचा कॅमेराच देऊ शकेल. म्हणून तो फेकू नका, फक्त त्याची नजर बदला.

दुसरा आक्षेप पैशाचा. कॅमेरा महाग, पेट्रोल महाग, हे खेळ पैसेवाल्यांचे. यात तथ्य आहे. परंतु वाहनतळावर मी जे पाहतो ते असे, की चौघांजवळ चार कॅमेरे असतात आणि चौघेही एकच घाट टिपतात. चौघांत एक कॅमेरा पुरे. महाविद्यालयाने एक कॅमेरा घेऊन तो ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा आठवड्याच्या बोलीने दिला, तर एस.टी.च्या पासवाल्यालाही मित्राच्या मागे बसून साक्षीदार होता येईल. मागे बसणाऱ्याला तर दोन्ही हात मोकळे आणि नजरही मोकळी!

आता थोडे कामाचे. कॅमेरा हँडलवर बसवू नये. हँडल वळते तसे चित्र वळते आणि पाहणाऱ्याला भोवळ येते. टाकीजवळ किंवा सांगाड्याला पक्का बसवावा, आणि क्लॅम्प सुटलाच तर कॅमेरा मागच्याच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून बारीक दोरीने बांधून ठेवावा. मोबाइल थेट गाडीवर अडकवणाऱ्यांनी जपावे. चित्र स्थिर ठेवणारे भिंगातले नाजूक यंत्र इंजिनाच्या कंपाने बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ साली आपल्या आयफोनबद्दल दिला आहे. दंडोबाकडे सकाळी जाताना सूर्य समोर असतो आणि चित्र पांढरे पडते. तेव्हा सकाळी येताना टिपावे, किंवा दुपार कलल्यावर जाताना. हरिपूरच्या वाटेवर उन्हातून चिंचेच्या सावलीत शिरताच कॅमेरा गोंधळतो आणि क्षणभर काळोख करतो, म्हणून उजेडाचे माप आधीच बांधून ठेवावे. आवाज टिपण्याच्या छिद्रावर स्पंजचा तुकडा लावला तर वाऱ्याचा घोंघाट कमी होतो, आणि मग मोराची केका, बैलांच्या गळ्यातली घुंगरे, द्राक्षबागेतला फवारणीचा ट्रॅक्टर ऐकू येतो. त्यावर सिनेमाचे गाणे चढवणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबणे. वेग ताशी तीस-चाळीसच्या वर नको. कॅमेरा निघण्यापूर्वी सुरू करावा आणि थांबल्यावर बंद करावा. मध्ये त्याला हात लावू नये, त्याच्याकडे पाहूही नये. साक्षीदार आपले काम करील, आपण आपले करावे. हेल्मेटबद्दल सांगायची पाळी येऊ नये.

आणि एक नियम यंत्राचा नव्हे, सभ्यतेचा. रस्त्याच्या कडेला पाण्याला निघालेल्या बाया, ऊसतोडीच्या टोळीची खोपटी, शाळेतून येणाऱ्या मुली हा कोणाचा देखावा नव्हे. थांबून चित्र घ्यायचे असेल तर उतरावे, हेल्मेट काढावे, राम राम करावा आणि विचारावे. नाही म्हणाले तर पुढे जावे. हो म्हणाले, तर बहुधा चहाही मिळतो. कॅमेऱ्याला न दिसणारी पुष्कळशी माहिती त्या चहाबरोबरच मिळते.

माझी सूचना साधी आहे. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त बारा महिने निसर्गाकडे डोळे लावून पाहिले. आपण त्याच वृत्तीने एकच वाट बारा महिने टिपावी. आषाढात पंढरपूरच्या रस्त्याने चाललेल्या दिंड्या, श्रावणातला हिरवा दंडोबा, पाऊस ओसरल्यावर द्राक्षांची छाटणी, थंडीत उसाच्या ट्रॉल्या, फेब्रुवारीत हळद शिजवण्याच्या कढया, मार्चमध्ये शेडमध्ये वाळणारा बेदाणा, आणि वैशाखात पुन्हा उघडा पडलेला माळ. तोच रस्ता, तोच वेग, तीच जागा. प्रत्येक फितीवर तारीख, वेळ आणि गावांची नावे. एका तासाच्या चित्रणाला पंचवीस-तीस गिगाबाइट जागा लागते. वर्षाचे बारा तास एका साध्या डिस्कमध्ये आरामात मावतात. ती डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात, या वार्षिकांकाच्या जुन्या अंकांशेजारी ठेवावी. पहिल्या वर्षी ती कोणी पाहणार नाही, हे मला मान्य आहे. वार्षिकांकाचे जुने अंक तरी कोण पाहतो? पण वीस वर्षांनी एखादी विद्यार्थिनी भूगोलाचा किंवा मराठीचा प्रबंध लिहिताना ते कपाट उघडील, तेव्हा तिला एका मुलखाचे अख्खे वर्ष हाती लागेल.

मित्रहो, घाटात जा, समुद्रावर जा, जमले तर लडाखलाही जा. कोणाचा प्रवास अडवण्याचा मला अधिकार नाही. पण तो मुलूख टिपणारे हजारो आहेत. कुपवाड ते दंडोबा हा रस्ता टिपणारे आपल्याखेरीज कोणी येणार नाही. भोसे गावचा वड यापुढे कोणाच्याही कॅमेऱ्यात येणार नाही. हरिपूरच्या वाटेवर ज्या चिंचा उरल्या आहेत, त्यांना मात्र चार सेकंदांहून अधिक वेळ देणे अजून आपल्या हाती आहे.